चारशेला पाच कमी

चौदा नंबरच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस मित्रासाठी येत असे.

"माझा एक मित्र आहे, त्याला जरा..." असं म्हणत तो खुर्चीच्या कडेवर टेकायचा, दाराकडे एकदा बघून घ्यायचा आणि मित्राला काय होतंय, कुठं होतंय, कधीपासून होतंय ते इतक्या बारकाईनं सांगायचा की त्या मैत्रीचा हेवा वाटावा. कुमुदताई खंदारे एकोणीस वर्षं या खोलीत समुपदेशक होत्या. एवढ्या वर्षांत गावातल्या एकाही माणसाला स्वतःला काही झाल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. व्हायचं ते सगळं मित्रांनाच.

त्या कधी हसल्या नाहीत. "मित्राला म्हणावं घाबरू नको," त्या सांगायच्या, "आणि त्याचा हात जरा इकडे करा."

खोली जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होती, शवागार आणि चार्जिंग स्टँडच्या मधे. गावाचं नाव, रक्ताच्या नमुन्यांना लागू असलेल्या नियमाप्रमाणे, इथं काढून टाकलं आहे. पूर्वी दारावर 'गुप्तरोग विभाग' अशी पाटी होती. तिच्यामुळे लोकांना संकोच वाटतो म्हणून दोन हजार चौतीस साली 'स्नेहसंवाद कक्ष' अशी नवी पाटी लागली, आणि तेव्हापासून लोक 'ते पूर्वीचं गुप्तरोग कुठं गेलं हो' असं अख्ख्या आवारात मोठ्यानं विचारत यायला लागले.

दर दोन वर्षांनी या खोलीवर पाहणी येऊन पडायची. पाहणीचं शास्त्र तसं साधं आहे. एचआयव्ही किती पसरलाय हे मोजायचं तर लोकांना विचारून भागत नाही. ज्यांना धास्ती असते तेच नेमके नको म्हणतात, आणि उरलेल्या निर्धास्त लोकांवरून आकडा काढला की देश एकदम ठणठणीत दिसतो. म्हणून युक्ती अशी की गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाचं रक्त सिफिलिसच्या तपासणीला घ्यावं लागतंच. नळीत जे थोडं उरतं त्यावरचं नाव काढून टाकायचं, नुसता क्रमांक द्यायचा, वय आणि धंदा लिहायचा आणि पुढं पाठवायचं. ओळीनं येतील तसे चारशे. मधला गाळायचा नाही, बाहेरचा घालायचा नाही. रक्त कोणाचं हे मोजणाऱ्याला कळत नाही आणि ज्याचं रक्त त्याला आपण मोजले गेलो हे कळत नाही. आकडा खरा निघतो आणि माणूस कोणाच्या हाती लागत नाही, दोन्ही गोष्टी एकाच कारणानं.

दोन हजार सदतीसच्या पाहणीत शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता तीनशे पंच्याण्णव नमुने झाले होते. पाच कमी. बाहेरच्या बाकावर एकही मित्र नव्हता.

"भर घालावी लागणार," लॅब टेक्निशियन शशिकांत उबाळे म्हणाला.

भर घालणं ही चौदा नंबरची जुनी रीत. मागच्या पाहणीत दोन कमी पडले तेव्हा उबाळेनं आपलं आणि जैतूनमावशींचं रक्त घालून चारशेचा आकडा गाठला होता. जैतूनमावशी खोलीची झाडलोट बघायच्या, आणि 'रक्तच द्यायचंय ना, किडनी तर नाही' अशी त्यांची त्यावरची भूमिका होती. यंदा वैद्यकीय अधिकारी डॉ. निंबोरकर धरून सगळे मिळून चार होत होते.

नेमके तेव्हाच प्रादेशिक निरीक्षक कुलथेसाहेब आले. पाहणीत काही गैर होत नाही ना, हे बघण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पन्नाशी ओलांडलेला, टापटीप, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असणारा माणूस.

"किती झाले?"

"तीनशे पंच्याण्णव, साहेब."

"म्हणजे पाच कमी," साहेब म्हणाले. "उद्यापासून पोर्टल बंद. चारशेच्या आत असलेलं केंद्र थेट लाल यादीत जातं. मग मला खुलासा द्यावा लागतो."

"चौघं आम्ही आहोत," डॉक्टर छताकडे बघत म्हणाले.

पंखा फिरत राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग शर्टाच्या बाहीचं बटण काढलं.

"मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि उबाळेनं सुई टोचली तेव्हा त्यांनी खरोखरच तोंड दुसरीकडे केलं.

पाच फॉर्म कुमुदताईंनी भरले. एक शेतमजूर, एक गृहिणी, एक हमाल, एक किराणा दुकानदार आणि एक ट्रकचालक, वय चव्वेचाळीस. ट्रक चालकाशिवाय धावायला लागून चार वर्षं झाली होती, पण फॉर्मवर तो रकाना अजून होता आणि रिकामा सोडला की पोर्टल कुरकुरायचं. पाच नळ्या उबाळेनं घाईघाईत ट्रेमध्ये रोवल्या. कोणती नळी कोणत्या फॉर्मवर गेली ते कोणी बघितलं नाही. बघायचं कारणच काय होतं?

कारण नवव्या दिवशी कळलं.

पूर्वी पाहणीचे निकाल यायला वर्ष लागायचं, तोवर सगळे सगळं विसरलेले असायचे. यंदा 'प्रहरी' नावाचं यंत्र आलं होतं. दिसायला मोठ्या कुकरएवढं, पण डोकं तल्लख. जुनी तपासणी फक्त हो किंवा नाही म्हणायची. प्रहरी विषाणूचा मजकूर अक्षर अक्षर वाचायचं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. आणि करतो म्हणजे, आळशी पोरानं फळ्यावरचं उतरवून घ्यावं तशा, ढीगभर. शरीरात नुकता शिरलेला असतो तेव्हा सगळ्या नकला जवळजवळ सारख्या असतात. जसजसे महिने जातात तसतशा चुका साचत जातात. त्या मोजल्या की विषाणूला या शरीरात येऊन किती दिवस झाले ते सांगता येतं. शिवाय रक्तातल्या प्रतिपिंडांवरून प्रहरी त्या माणसाला झालेले आजार आणि त्यानं घेतलेल्या लसी ओळखायचं. फक्त माणसाची स्वतःची जनुकं वाचायला त्याला कायद्यानं बंदी होती, म्हणजे नळी बाईची की पुरुषाची हेही त्याला सांगता येत नसे. वाचून झालं की नमुना जाळून टाकायचं. नाव फाडलेलंच होतं, आता रक्तही नाही.

चौदा नंबरच्या भिंतीवरच्या पडद्यावर निकाल उमटला तेव्हा चौघंही चहा घेत होते. चारशेपैकी सात बाधित. सहा जुने होते, चार वर्षं, नऊ वर्षं असे. सातवा होता क्रमांक तीनशे अठ्ठ्याण्णव. ट्रकचालक. संसर्गाचं वय, अंदाजे दहा आठवडे.

तीनशे शहाण्णवपासून चारशेपर्यंतचे नमुने कोणाचे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"यंत्र चुकत असेल," उबाळे म्हणाला.

"नाही चुकत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि बशी उचलली. मग बशी का उचलली ते न आठवून ती परत ठेवली. "मला मार्चमध्ये सुई लागली होती. ड्रेसिंग करताना. आठवतंय ना, उबाळे?"

"मला तर दोनदा," उबाळे घाईनं म्हणाला.

"कचऱ्याच्या डब्यातल्या सुया कोण उचलतं? मी," जैतूनमावशी म्हणाल्या. "माझं बोट बघा, चाळण झालीय."

तिघंही एकदम उदार झाले होते. प्रत्येकजण सुई आपल्याकडे ओढत होता. सुई लागणं हे कर्तव्यात मोडतं, त्याला प्रमाणपत्रसुद्धा मिळतं. मग तिघांच्याही नजरा कुमुदताईंकडे वळल्या आणि लगेच सभ्यपणे दुसरीकडे गेल्या. कुमुदताई फक्त बोलायच्या. एकोणीस वर्षांत त्यांना टोचलं असेल तर ते एखादं वाक्य.

त्यांच्याकडे सुई नव्हती. त्यांच्याकडे मनोहर होते.

मनोहर खंदारे राज्याबाहेर जाणाऱ्या बसवर चालक होते. बस आता आपली आपण चालायची, पण स्टिअरिंगच्या मागं माणूस बसलेला असावा असा नियम होता, म्हणून मनोहर मांडीवर हात ठेवून सुरतेपर्यंत जायचे आणि मांडीवर हात ठेवून परत यायचे. दहा आठवडे मागं मोजलं की मार्चचा पहिला आठवडा येत होता. मार्चमध्ये त्यांचा सुरतेला अकरा दिवसांचा मुक्काम झाला होता.

संध्याकाळी कुमुदताईंनी त्यांच्यापुढं पोहे ठेवले आणि समोर बसल्या. खुर्ची किंचित तिरकी करून, म्हणजे समोरच्याला दडपण येत नाही.

"कसं चाललंय?" त्या म्हणाल्या.

"काय कसं चाललंय?"

"एकंदरीत. मनात काही असेल तर मोकळेपणानं बोला. इथं बोललेलं बाहेर जात नाही."

मनोहरांनी चमचा खाली ठेवला. "कुमुद, तू माझ्याशी त्या खोलीतल्या आवाजात का बोलतेयस?"

"कुठल्या खोलीतल्या?"

"चौदा नंबरच्या. 'एकंदरीत' म्हणालीस. घरात कधी म्हणतेस का एकंदरीत?"

कुमुदताई उठल्या, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "लिंबू हवंय का?" मनोहर म्हणाले, हवंय. लिंबू कापायचं राहून गेलं.

पुढचे तीन दिवस चौदा नंबरमध्ये कामं फार झपाट्यानं होत होती. डॉक्टरांनी कपाट दोनदा लावलं. उबाळेनं उत्साहानं जुन्या नोंदी काढल्या आणि त्यांच्याकडे न बघता परत ठेवल्या. मावशी पुसलेली फरशी पुसत होत्या. कपाटाच्या वरच्या खणात पंधरा मिनिटांत निकाल देणारी किट होती, दीडशे. या खोलीनं हजारो लोकांना सांगितलं होतं की पंधरा मिनिटांत मोकळे व्हाल, लवकर कळलं तर वर्षातून दोन इंजेक्शनांवर भागतं, विषाणू दाबला जातो, मग तुमच्याकडून कोणाला लागतही नाही. उशीर केलात तर नकळत पुढं देत राहाल. सगळं अक्षरशः खरं होतं. चौघांनाही तोंडपाठ होतं. चौघांपैकी कोणीही त्या खणाला हात लावला नाही.

"उद्या करून टाकू," डॉक्टर रोज सकाळी म्हणायचे.

चौथ्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. प्रहरीनं आणखी एक गोष्ट वाचली होती. शेवटच्या पाचही नमुन्यांत हिपॅटायटिस बीच्या लसीची खूण होती आणि आजाराची खूण नव्हती. ती लस लहान बाळांना द्यायला लागले त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली ही वयं. या वयाच्या माणसांत ती लस सरसकट एकाच जमातीनं घेतलेली असते, आरोग्य खात्यातल्या. तेव्हा एक शेतमजूर, एक गृहिणी, एक हमाल, एक दुकानदार आणि एक ट्रकचालक हे पाचही जण ओळीनं लस घेतलेले कसे, याचा यंत्राला अचंबा वाटला होता आणि तो त्यानं टक्केवारीसकट नोंदवला होता. सदर प्रकरणी चौकशी अधिकारी म्हणून श्री. अ. वि. कुलथे यांची नेमणूक करण्यात येत आहे.

उबाळेनं पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे साहेब आपली चौकशी करणार."

"आपली म्हणजे, त्यांचीपण," मावशी म्हणाल्या.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. फाइल उघडली, बंद केली, पाणी मागितलं.

"नमुने कोणाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आता काय सांगायचं साहेब," मावशी म्हणाल्या, "तुम्ही याच स्टुलावर बसला होता."

साहेबांनी आणखी एक ग्लास पाणी मागितलं. मग शांतपणे म्हणाले की सगळ्यांनी जरा व्यवहारानं घ्यावं. टिपण असं करता येईल: त्या दिवशी शेजारच्या इमारतीत आरोग्य सेवकांचं शिबिर होतं, त्यातले पाच जण तक्रार घेऊन इथं आले आणि लाजेपोटी त्यांनी धंदा खोटा सांगितला. लाज हे कारण या खोलीत कोणीही मान्य करतं. पाचांऐवजी चौघांनी सही केली तरी चालेल.

"आणि तीनशे अठ्ठ्याण्णव?" कुमुदताईंनी विचारलं.

"तो आकडा आहे, बाई. आकड्याला नाव नसतं. नियमच आहे तसा."

"त्या आकड्याला इंजेक्शन लागणार आहे, साहेब."

साहेबांनी तिसरा ग्लास उचलला. तो आधीच रिकामा होता. "उद्या अकरा वाजता सह्या घेतो," ते म्हणाले. "तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतंय ना, कुमुदिनीबाई? नूतनीकरण माझ्याच टेबलावरून जातं. मी धमकी देत नाही. फक्त आठवण."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हतीच. घसा कोरडा पडल्यावर येतो तसा तो आवाज होता. पण कुमुदताईंना तेव्हा स्वतःशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

घरी आल्या तेव्हा मनोहर ओट्याशी लसूण सोलत बसले होते. त्यांनी आजवर कधी लसूण सोलला नव्हता. पाकळ्यांपेक्षा ढीग सालींचा मोठा झाला होता.

"बस," ते म्हणाले. "तू चार दिवस झाले विचारतेयस. मी सांगतो."

कुमुदताई बसल्या. खुर्ची तिरकी करायचं सुचलं नाही.

"सुरतेला. एकदाच. डेपोतली चार पोरं होती बरोबर, मी नको म्हणालो नाही. एवढंच."

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये? नाही गं. सात वर्षं झाली."

घरात लसणाचा वास भरला होता. प्रहरीनं दहा आठवडे सांगितले होते आणि समोर सात वर्षांपूर्वीचं निघालं होतं. विज्ञानाच्या दृष्टीनं ही माहिती पूर्ण निरुपयोगी होती.

"मग तुम्ही तपासणी..."

"केली की. लगेच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा काही नव्हतं."

"कुठं केलीत?"

"शेजारच्या जिल्ह्यात. इथं कशी करणार? इथं खुर्चीत तू."

"तिथल्या बाईंना काय सांगितलंत?"

मनोहरांनी एक पाकळी उचलली, ती सोललेली होती, तरी सोलायला लागले. "मित्रासाठी आलोय म्हणालो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"मित्राला म्हणावं घाबरू नको. आणि त्याचा हात जरा इकडे करा."

हे वाक्य विभागीय प्रशिक्षणात कुमुदताईंनीच शिकवलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या.

"ते सहा महिने," त्या म्हणाल्या, "तुमची पाठ धरली होती. खाली गादी घालून झोपायचात."

"पाठ धरली नव्हती."

"मी रोज तेल लावत होते."

"माहितीय मला," मनोहर म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगावं. तू फार चांगलं तेल लावायचीस."

कुमुदताईंनी सालींचा ढीग ताटात गोळा केला. एकोणीस वर्षं त्या अशा प्रसंगात समोर येऊन बसलेल्या बायकांना सांगत आल्या होत्या की विश्वास आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीनं दुसरीचं काम भागत नाही. ऐकताना त्या बायका त्यांच्याकडे कशा बघायच्या ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं. त्या बायकांना त्यावेळी फक्त ती खुर्ची त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटत असणार.

"आणि मार्चमध्ये?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये अकरा दिवस पत्ते खेळलो. गाडी आपली आपण चालते, दुसरं करायचं काय? पण आता तू माझं ऐकू नकोस. तू तुझं तपासून घे."

हे बरोबर होतं, आणि ते मनोहरांनी सांगावं याचा त्यांना फार राग आला. भाजीला फोडणी देताना त्यांनी पळी दोनदा पाडली. जेवताना मनोहर म्हणाले, लसूण जास्त झाला. त्यावर दोघांनाही हसू आलं आणि दोघांनीही ते दाबलं, कारण अजून हसायची वेळ झाली नव्हती.

सकाळी कुमुदताई दहा वाजता चौदा नंबरमध्ये आल्या. नेहमीच्या जागेवर न बसता त्या दारातल्या यंत्रापाशी गेल्या, बटण दाबून टोकन काढलं आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. बाकावर एक तरुण मित्राच्या काळजीत होता. त्यानं त्यांना ओळखलं आणि सरकून जागा दिली.

"ताई, तुम्ही इकडं?"

"नंबर लावलाय," कुमुदताई म्हणाल्या.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

एकोणीस वर्षांत हा शब्द त्या बाकावर पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. तरुणानं थोडा विचार केला आणि हातातलं टोकन उलटसुलट करून बघितलं.

नंबर आल्यावर त्या आत गेल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. ही खुर्ची इतकी बुटकी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. इथून टेबलामागचा माणूस न्यायाधीशासारखा दिसत होता, आणि टेबलामागं तर नुसता उबाळे होता.

"कर," त्या म्हणाल्या. "आणि हे वाच तोवर."

त्यांनी पर्समधून कागद काढला. आदल्या रात्री जेवणानंतर लिहिलेला जबाब होता. 'क्रमांक ३९६ ते ४०० हे नमुने रुग्णांचे नसून संख्या भरण्यासाठी घालण्यात आले. ते बाद करावेत. फॉर्म मी भरले. नमुने देणारे पुढीलप्रमाणे.' खाली पाच ओळी होत्या. पहिलीवर कुमुदताईंचं नाव आणि सही. बाकी चार कोऱ्या. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, ही या खोलीची पहिली शिकवण.

उबाळेनं वाचलं. मग त्यांच्या बोटाला टोचलं.

पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात, हे ज्यानं मोजली नाहीत त्याला सांगून उपयोग नाही. कुमुदताईंनी भिंतीवरचं पोस्टर वाचलं. पोस्टरवरचं जोडपं हसत होतं. आठवलं की ते पोस्टर त्यांनीच निवडलं होतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांना मनोहरांचा राग आला, सातव्याला डोळ्यांसमोर तेलाची बाटली आली, अकराव्याला काहीच आठवेना.

एक रेघ. निरंक.

"ताई, नाही," उबाळे म्हणाला, आणि लगेच आपली बाही वर केली, जणू आता थांबलं तर परत जमणार नाही. त्यानंतर मावशी आल्या. "माझं बोट तुम्हीच शोधा, जागा उरली असेल तर," म्हणाल्या. शेवटी डॉक्टर, ज्यांनी किटची मुदत संपली नाही ना हे तीनदा तपासलं. तिघांनीही जबाबावर आपापल्या ओळीत नाव लिहिलं. अकराला दहा कमी असताना टेबलावर चार पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. चारही पट्ट्यांवर एकेकच रेघ होती.

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. उबाळे हसायला लागला. मावशींनी "चहा टाकते" म्हणून दोन पावलं टाकली आणि तिथंच थांबल्या. मग एकेक करून सगळ्यांचं हसू मावळलं. प्रत्येकजण मनातल्या मनात पाचातून चार वजा करत होता.

जबाबाच्या कागदावर एक ओळ कोरी होती.

मावशींनी दाराबाहेर बघितलं. बाकावरचा तरुण कंटाळून निघून गेला होता. त्याच्या जागेवर कुलथेसाहेब बसले होते, कधीपासून कोण जाणे. मांडीवर चौकशीची फाइल होती. फाइलवर दोन्ही हात ठेवलेले होते, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत टोकनची चिठ्ठी होती.

"डॉक्टर, तुम्ही सगळे जरा चहा घेऊन या," कुमुदताई म्हणाल्या. "बाहेर. टपरीवर."

"चहा इथं होतो की," उबाळे म्हणाला. मावशींनी त्याला दंडाला धरून नेलं.

कुमुदताई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. साहेब आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. दाराकडे एकदा बघून घेतलं.

"अकरा वाजले," ते म्हणाले.

"हो."

"सह्यांचं... ते नंतर बघू." त्यांनी चार पट्ट्यांकडे बघितलं. प्रशिक्षित माणूस होता, त्याला काही सांगावं लागलं नाही. फाइल त्यांनी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "कुमुदिनीबाई, एका मित्राबद्दल विचारायचं होतं."

कुमुदताईंच्या तोंडून त्या क्षणी एखादं वाक्य निसटलं असतं. सात वर्षांपूर्वीचा एक मित्र कालच त्यांच्या घरात लसूण सोलून गेला होता, आणि आजपर्यंत ऐकलेल्या सगळ्या मित्रांबद्दल त्यांना बरंच काही बोलायचं होतं. समोर साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि कालही हा माणूस नुसतं पाणी पीत होता.

त्यांनी खुर्ची किंचित तिरकी केली.

"मित्र फिरतीवर असतो का?" त्यांनी विचारलं.

"वीस दिवस. घरी कोणी नसतं. पाच वर्षांपूर्वी बायको गेली." साहेबांनी फाइलची कड सरळ केली. "त्याचं वय काही असलं करायचं नाही."

"वयाचं यंत्राला कळतं, माणसाला कळत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "मित्राला म्हणावं घाबरू नको. दहा आठवडे म्हणजे फार लवकर सापडलं. वर्षातून दोन इंजेक्शनं, बाकी सगळं आहे तसं. आणि कोणाला सांगायला हवं ते आपण मिळून ठरवू, आज नाही. आता त्याचा हात जरा इकडे करा."

साहेबांनी बाहीचं बटण काढलं. या वेळी त्यांनी तोंड दुसरीकडे केलं नाही.

सहाव्याच मिनिटाला दुसरी रेघ उमटली. कुमुदताईंनी आणखी दोन किट काढून खात्री केली, कारण एकावर कोणालाच सांगायचं नसतं. साहेब प्रत्येक वेळी मान डोलवत राहिले, एखादा अहवाल मंजूर करावा तशी.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं कार्ड. त्यावर नाव लागतं, साहेब. मोजायला नाव लागत नाही. औषधाला लागतं."

साहेबांनी खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं. आधी त्यांनी जबाबाचा कागद ओढून घेतला, पाचव्या ओळीत अनंत विष्णू कुलथे असं लिहिलं, खाली प्रादेशिक निरीक्षक तथा चौकशी अधिकारी असा हुद्दा लिहिला आणि झोकदार सही केली. चौकशी तिथं संपली. मग कार्ड पुढं घेतलं. त्यावरही त्याच अक्षरात नाव लिहिलं, सवयीनं खाली हुद्दा लिहायला घेतला, 'प्रा' लिहून झाल्यावर थांबले, आणि तेवढं खोडून कार्ड त्यांच्याकडे सरकवलं.